त्या शनिवारी तुमचं दार बंद होतं

याकोबअण्णा,

तुमच्याबद्दल मी लिहावं हे बरोबर नाही, याची मला जाणीव आहे. तुमच्या शेजारच्या बाकावर तीस तीस वर्षं बसलेली माणसं मंडळीत आहेत. ज्यांची लग्नं तुमच्या पेटीच्या सुरावर लागली, ज्यांच्या लेकरांचे बाप्तिस्म्याचे झगे तुम्ही शिवलेत, त्यांनी लिहायला हवं होतं. मी तर तीन वर्षांपूर्वी आलेला. पण नाताळच्या अंकासाठी दोन पानं लिही असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं, आणि कारण काय, तर मी कॉलेजात शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं लोकांना वाटतं याला सगळं लिहिता येत असेल. मला काय काय येत नाही ते तुम्हाला चांगलं माहीत होतं. म्हणून सुरुवातीलाच माफी मागतो.

ही माफी तुम्हाला आवडली नसती, हेही ठाऊक आहे. त्याबद्दल पुढं लिहितो.

तुमचा जन्म कुठला, शिवणकामाचं दुकान किती वर्षं चालवलंत, पंच कमिटीवर कितीदा निवडून आलात, हे सगळं पाळकसाहेब स्वतः लिहिणार आहेत. माझ्याकडं त्यातलं काही नाही. माझ्याकडं एक भांडण आहे. तुमचं आणि माझं. ते मिटलं की तसंच राहिलं, हे मला कळलेलं नाही. समजून घ्यायला आता तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारायची माझी हिंमत होत नाही. गेले दहा दिवस मी फक्त एवढाच विचार करतोय.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा पाऊस होता. धारवाडला कॉलेजात नाव घालून मला दोन आठवडे झाले होते. आमच्या गावात आपली दोनच घरं. अळणावरला महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकांनी चिठ्ठी लिहून दिली होती, की हुबळीत मराठी मंडळी आहे, मुलाला रविवारी तिथं पाठवा. नवनगरपाशी बस बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत मी नखशिखांत भिजलो. देवळात आलो तर कानडी उपासना आटपून ती सगळी माणसं छत्र्या उघडत बाहेर पडत होती, आणि आत आपली माणसं होती नऊ. छत तीन ठिकाणी गळत होतं, तिथं बादल्या ठेवल्या होत्या. पेटी चादरीत गुंडाळून कपाटावर चढवलेली. तुम्ही नुसत्या तोंडानं गीत उचललंत आणि बाकीचे आठ जण मागून ओढल्यासारखे गात राहिले.

उपासना झाल्यावर तुम्ही माझ्याजवळ आलात. नाव, गाव, काही विचारलं नाही. माझ्या पँटकडं बघून म्हणालात, ही कुणाची? मी म्हटलं, चुलतभावाची. तो बराच खातो वाटतं, म्हणालात. मला राग आला होता अण्णा, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी कमरीपेठेत दुकानात ये, असं सांगितलंत. दुकान म्हणजे तुमच्या घराचीच पुढची खोली. मी येऊ नये असं ठरवलं होतं, तरी आलो. तुम्ही मापं घेतलीत आणि माझ्या आयुष्यातली पहिली नवी फुलपँट शिवलीत. खालून चार बोटं कापड आत दुमडून ठेवलंत. एवढं कशाला, असं आतून आलेल्या तुमच्या घरच्या काकूंनी विचारलं, तर कॉलेजात माणूस वाढतो, असं तुमचं उत्तर. ती पँट तुम्ही नंतर दोनदा उसवून लांब करून दिलीत.

त्याच दिवशी मी धीर करून विचारलं होतं, की मंडळीत आता एवढीच माणसं राहिली का. तुम्ही तोंडात धरलेल्या टाचण्या काढून मशीनवर ठेवल्यात. पावसात डोकी मोजायची नाहीत, म्हणालात. ऑक्टोबर येऊ दे.

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलायचं म्हणून बोलतो.

मग ऑक्टोबर आला. तो पहिला ऑक्टोबर मी विसरणार नाही. दसरा होऊन गेला होता, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि ऊन असं की बाकांची लाकडं तडकल्याचे आवाज यायचे. तुम्ही सगळ्यांना कामाला लावलंत. भिंतींना चुना लागला. छतावरची फुटकी कौलं बदलली. तुम्ही पेटी खाली उतरवलीत, व्हरांड्यातल्या सावलीत ठेवलीत, आणि दमटपणानं फुगून बसलेल्या पट्ट्या एकेक करून काढून दाढीच्या जुन्या ब्रशानं झटकत बसलात. दोन दिवस ती पेटी अशी पोट उघडून पडली होती, आणि तिच्या जवळून मोठ्यानं बोलत जायचीसुद्धा कुणाला परवानगी नव्हती. मग रविवारी माणसं आली. नदीनाल्यांमुळं चार महिने अडकलेली गावाकडची घरं आली. माझी आई आली. बायकांच्या बाजूला जागा पुरेना. नव्या मुलांची रविवारची शब्बाथशाळा त्या दिवशी सुरू झाली, नवे पंच उभे राहिले, आणि दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या वर्गासाठी ज्यांची नावं वाचली त्यांत माझंही होतं. तुम्ही पेटीवर पहिला सूर धरलात आणि माझ्या मागं बसलेला एक म्हातारा रडायलाच लागला. दर वर्षी रडतात ते, असं मला नंतर कळलं.

कॉलेज जूनमध्ये सुरू होतं. शेजारच्या घरांचं नवं वर्ष पाडव्याला येतं, दाजीबानपेठेतल्या दुकानांचं दिवाळीला. आपल्या मंडळीचं मात्र पाऊस गेल्यावर. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी पाळकसाहेबांना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं की चर्चच्या पंचांगाप्रमाणं वर्ष नाताळाआधी चार रविवारांपासून सुरू होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, ते साहेबांचं. आपलं हे.

आणि मग तुमच्या नवलगुंदकडच्या काळ्या जमिनीचं सांगितलंत. आमच्या अळणावरकडं या दिवसात भात कापणीला येतं, तेव्हा ऑक्टोबर म्हणजे वर्ष संपत आलं असं माझ्या डोक्यात होतं. तुमच्याकडं याच दिवसात जोंधळा पेरतात. पुढं पाऊस नाही हे माहीत असून पेरतात. जमिनीत जे मुरलंय तेवढ्यावर पीक उभं राहतं. लहानपणी तुम्ही वडिलांच्या मागं त्या ढेकळांतून चालायचात आणि तुम्हाला भीती वाटायची, की पाणी कुठं आहे, हे उगवणार कसं. तुम्ही हे कापड कापता कापता सांगितलंत, मान वर न करता. मी वसतिगृहात येऊन ते वहीत लिहून ठेवलं. वक्तृत्व स्पर्धेत वापरायचं म्हणून. वापरलंसुद्धा, आणि तुमचं नाव सांगितलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता चहाचं सांगतो. अंक वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण अंक बाहेरही जातो.

ऑक्टोबरातल्या पहिल्या प्रभुभोजनाआधीचा, म्हणजे वेदीपुढं गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधीचा आठवडा आपल्याकडं चहाचा. वर्षभरात ज्याचं ज्याच्याशी फाटलं असेल त्यानं त्याच्या घरी जायचं आणि दारातच, बसायच्या आधी, चहा मागायचा. बास. भांडणाचा विषय काढायचा नाही, माफी मागायची नाही, हातात काही घेऊन जायचं नाही. समोरच्यानं चहा ठेवला आणि आलेल्यानं तो प्यायला, की ते मिटलं. नंतर त्या चहाची आठवणसुद्धा करून द्यायची नाही. धाकट्यानंच जायचं असं नाही, चूक ज्याची त्यानंच जायचं असंही नाही. ज्याला आधी आठवेल तो जातो. आणि ज्याचं मिटलेलं नाही तो त्या रविवारी प्रभुभोजनाला उठत नाही, जागेवर बसून राहतो. कुणी त्याला काही म्हणत नाही, पण दिसतं सगळ्यांना. हाटेलातला चहा चालत नाही. दोघा पंचांनी एका वर्षी दाजीबानपेठेत उभ्या उभ्या एकमेकांना चहा पाजला आणि झालं म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही त्यांना पुन्हा घरी जायला लावलंत.

मंडळीतल्या रत्नाकाकू आणि त्यांच्या जाऊबाईंची गोष्ट तर तुम्हीच रंगवून सांगायचात. दोघी एका घरात, चूल एक, आणि ऑगस्टपासून बोलणं बंद. शेवटी रत्नाकाकू मागच्या दारानं बाहेर पडल्या, पदर नीट केला, सगळ्या गल्लीला वळसा घालून पुढच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चहा मिळेल का. आतून जाऊबाई म्हणाल्या, दूध तुमच्याच फडताळात आहे, येताना घेऊन या.

मला हे सगळं आवडायचं, आणि पटायचं नाही. कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला आलो होतो, तोवर मला बरीच मतं झाली होती. मी तुमच्याशी वाद घातला. म्हटलं, अण्णा, ही पळवाट आहे. मनातलं बोलल्याशिवाय भांडण मिटतं कसं? विषय तसाच आत राहतो. माणसानं समोर बसून स्पष्ट बोलावं.

तुम्ही म्हणालात, "बोलूनच झालं होतं ना रे भांडण?"

 तुमचं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. हा आपला एक वाद राहिला.

दुसरा वाद मोठा. तो या सप्टेंबरातला.

नव्या वर्षाचं ठरवायला उपासनेनंतर सगळे बसले होते. मला पहिल्यांदाच त्या बैठकीत घेतलं होतं, तेही तुमच्या सांगण्यावरून. आणि मी उठून बोललो, की मराठी उपासना वेगळी ठेवायची गरज नाही, या ऑक्टोबरापासून आपण कानडी उपासनेत मिळून जावं. आपली अकरा घरं. मुलं सगळी कानडी शाळेत. त्यांना गीताच्या पुस्तकातली मराठी वाचता येत नाही, ती नुसती ओठ हलवतात. नवी सुरुवात करायची तर खरी करावी. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. काही डोकी हलली, ते बघून मला चेव आला.

तुम्ही शांतपणे बोललात. तुमची आई भांडायची कानडीत आणि प्रार्थना करायची मराठीत, दोन्ही तिचंच होतं, तिला कुणी एक निवड म्हणून सांगितलं नाही. मुलांना वाचता येत नसेल तर शिकवू, वर्ग वाढवू. मी म्हटलं, शिकवणार कोण. तुम्ही म्हणालात, तू. लोक हसले. ते हसणं मला लागलं. तुम्ही चेष्टेत म्हणाला नव्हतात, आज कळतं. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांसमोर मला गप्प केलं.

मग मी ते वाक्य बोललो. इथं लिहितो, कारण नाही लिहिलं तर हा सगळा लेखच खोटा होईल.

"अण्णा, तुम्हाला मंडळीपेक्षा तुमची पेटी मोठी झालीय. तिकडं वाजवणारा दुसरा आहे, म्हणून तुम्हाला जायचं नाही."

  तुमचा हात गुडघ्यावर होता, तो तुम्ही उचलून दुसऱ्या हातावर ठेवलात. पाळकसाहेबांना म्हणालात, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय चुन्याचा होता.

मुद्दा माझा चूक होता असं मला आजही वाटत नाही. अकरा घरं अकराच आहेत. पण ते वाक्य मुद्द्यात नव्हतं. ते मी तुम्हाला दुखावण्यासाठी शोधून काढलेलं होतं, आणि ते नेमकं सापडलं होतं.

त्यानंतर दोन रविवार मी आलो, तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही एरवी मला बघितलं की काय विद्यापीठ, आलात का, असं विचारायचात. त्या दोन रविवारी नाही विचारलंत. किंवा विचारायची संधी मीच दिली नाही. मागच्या बाकावरून आधी निघून जात होतो.

मग चहाचा आठवडा आला. सोमवारपासून मी रोज ठरवायचो. माझी मतं माझ्याजवळ, पण तुमच्या दारात उभं राहून चहा मागायचा, हे मला करायचं होतं. शब्द एवढेच असल्यामुळं ते जमण्यासारखं होतं. समोर बसून स्पष्ट बोलायला सांगितलं असतं तर मी आलोच नसतो, हे तेव्हा लक्षात आलं. शनिवार उजाडला. दर शनिवारी मी दुपारच्या पॅसेंजरनं गावी जातो आणि रविवारी आईला घेऊन हुबळीला येतो. त्या शनिवारी पहिल्यांदाच गेलो नाही. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलं होतं, त्यामुळं त्या रविवारी आई तसंही येणार नव्हती. मी धारवाडहून बस धरली आणि दुपारी कमरीपेठेत आलो.

तुमच्या दाराला कुलूप होतं.

चहाच्या आठवड्यातला शनिवार, अण्णा. त्या दिवशी घराला कुलूप घालायचं नाही, कुणाचा पाय दारापर्यंत येऊन परत जाता कामा नये, हे दर वर्षी पेटीजवळ उभं राहून सगळ्यांना बजावणारे तुम्ही. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चाचींना विचारलं. काकू लेकीच्या बाळंतपणाला गदगला गेल्यात हे त्यांनी सांगितलं. तुम्ही सकाळीच कोट घालून बाहेर पडला होतात, कुठं ते त्यांना माहीत नव्हतं. मी पायरीवर बसलो. तासभर, मग आणखी तासभर. चाचींनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं, काही निरोप आहे का. मी म्हटलं, नाही.

उठलो तेव्हा माझं ठरलं होतं. मी येणार हे तुम्ही ओळखलं असणार. म्हणून घर बंद करून गेलात. सगळ्यांना दार उघडं ठेवायला सांगणाऱ्या माणसानं माझ्यासाठी ते लावून घेतलं. मला राग आला नाही. वाटलं, ठीक आहे, त्यांचा हक्क आहे. तसं वाक्य मी बोललो होतो.

रविवारी मी आलो आणि मधल्या बाकावर बसलो. भिंती नव्या, पेटी उघडलेली, बायकांची बाजू भरलेली. तुम्ही मला बघून मान हलवलीत. मी खाली बघितलं. प्रभुभोजनाची वेळ झाली, बाकांमागून बाक उठून वेदीकडं गेले. माझा बाक उठला, मी बसून राहिलो. माझ्या गुडघ्यांना ओलांडून लोक गेले आणि तसेच परत आले. सगळ्यात शेवटी तुम्ही उठता, पेटी थांबवून. तुम्ही वेदीकडं सरळ गेला नाहीत. वळून माझ्या बाकाशी आलात. बाकाच्या पाठीवर हात ठेवलात.

"चल की," म्हणालात.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं."

तुम्ही उभे होतात.  मी गीताच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडं बघत होतो. मग तुमचा हात बाकावरून निघाला. तुम्ही एकटेच जाऊन गुडघे टेकलेत, आणि परत येऊन पेटीवर बसलात तेव्हा शेवटच्या गीताचा पहिला सूर तुमच्याकडून चुकला. तुमच्याकडून सूर चुकलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

मला वाटलं होतं, लोकांसमोर चांगलं दिसावं म्हणून तुम्ही मला बोलावलंत. घरात घेतलं नाही आणि देवळात हाक मारली. असं वाटलं होतं मला.

त्यानंतर मी आलो नाही. परीक्षेचं निमित्त होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. गावीही गेलो नाही. आईला पत्र टाकलं, की नोव्हेंबर संपेपर्यंत अभ्यास आहे. गुरुवारी तुम्ही गेलात. पाळकसाहेबांनी वसतिगृहाच्या ऑफिसात फोन केला, तिथल्या कारकुनानं चिठ्ठी लिहून फळ्याला लावली, आणि मी दोन दिवस सकाळपासून वाचनालयात. शुक्रवारी संध्याकाळी मी ती चिठ्ठी वाचली तेव्हा तुम्हाला माती देऊन झाली होती. एसटीडी बूथवरून पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, तुझी वाट बघितली रे आम्ही.

शनिवारी तुमच्या घरी आलो. दार सताड उघडं होतं. काकू मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या, लेक तान्ह्या बाळाला घेऊन गदगहून आलेली. काकूंनी माझा हात धरला आणि तुमचंच काहीबाही सांगत राहिल्या. शेवटच्या दिवशी तुम्ही भाकरी कमी खाल्लीत, नातवाला झबलं शिवायला घेतलं होतंत. मला विचारायचं होतं, काकू, अण्णा माझ्याबद्दल काही बोलले का? जिभेवर आलं होतं. इतक्यात चाचींनी त्यांच्या घरून चहाची किटली आणली आणि काकू म्हणाल्या, याला पण द्या. मी नको म्हटलं. तुमच्या घरात बसून चहा तुम्ही नसताना पिऊन मोकळं व्हायचं, हे मला चोरी केल्यासारखं वाटलं. काकूंना वाटलं मला दुःखानं जात नाही. ते तसंही खरं होतं.

एवढं लिहून मी थांबलो होतो. शेवटी तुमचे आभार मानायचे असं ठरवलं होतं, पँटचे, पहिल्या ऑक्टोबरचे, आणि लोक हसले तरी मला शिकवायला सांगितलंत त्याचे. शब्बाथशाळेतल्या पाच मुलांना येत्या रविवारपासून मी मराठी वाचायला शिकवणार आहे, हेही कळवायचं होतं. उपासना मिळवावी की वेगळी ठेवावी, यावर माझं मत अजून बदललेलं नाही. पण तुम्ही सांगितलेलं काम आधी करून बघतो. मग ही पानं घेऊन काल गावी गेलो, म्हटलं, घरी बसून शेवट लिहावा. वरचं काही खोडत नाही. जसं वाटत होतं तसं ते राहू दे.

आई खळं सारवत होती. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं, गावात कुणी सांगायला आलंच नव्हतं. मी सांगितलं तसे तिचे शेणाचे हात तिथंच थांबले.

"असं कसं?" ती म्हणाली. "आत्ता तर आलते की."

मी विचारलं, कुठं.

"हितं. घरी. तुला न्हाई सांगितलं त्येनी?"

मग तिनं सांगितलं. ऑक्टोबरातला शनिवार होता. ती कापणीवरून भाकरी न्यायला घरी आली, तर तुम्ही काळा कोट घालून उन्हात अंगणात उभे. सकाळच्या पॅसेंजरनं अळणावरला उतरून स्टेशनापासून चालत आला होतात. तिनं घोंगडं अंथरलं, तर बसला नाहीत. दारातूनच म्हणालात, बाई, चहा मिळेल का? घरात दूध नव्हतं. ती शेजारून वाटी घेऊन आली. योसेफ कधी येतो म्हणून माझ्याबद्दल विचारलंत, ती म्हणाली, दुपारच्या गाडीनं येतोय बघा. तुम्ही म्हणालात, मग तो आल्यावर ठेवा. दोघं बसून राहिलात. दुपारची गाडी आली, गेली. स्टेशनावरून येणारी माणसं वाटेनं निघून गेली, त्यांत मी नव्हतो. तुम्ही आणखी थोडा वेळ वाट बघितलीत. मग म्हणालात, असू दे बाई, घरातल्या कुणीही दिला तरी चालतो. आईनं चहा ठेवला. तुम्ही तो सगळा प्यालात.

ती एवढं सांगून परत सारवायला लागली.  थोड्या वेळानं तिला आणखी काहीतरी आठवलं.

"जाताना लई खूष हुते बघ," ती म्हणाली. "म्हणले, योसेफ आला की सांगा, याकोब येऊन च्या पिऊन गेला. आन म्हणले, झालं आता, उद्या देवळात त्याला माझ्यासंगटच घिऊन जातो पुढं."